सहा मोल मीठ

निकिताला रसायनशास्त्राच्या चाचणीत पंचवीसपैकी दीड गुण मिळाला. रंगनाथ देवऱ्यांना धक्का बसला तो त्या दीडमधल्या अर्ध्याचा. शून्य पडलं असतं तर तब्येत बरी नव्हती असं चार लोकांत सांगता आलं असतं. दीड म्हणजे मुलगी शुद्धीवर होती, पेपर लिहीत होती आणि तरीही एवढंच जमलं.

"हा अर्धा कशाबद्दल दिला?" त्यांनी विचारलं.

"एका उत्तराच्या शेवटी मी 'मोल' असं एकक लिहिलं होतं," निकिता खाली मान घालून म्हणाली. "आकडा चुकला, पण एकक बरोबर आलं."

"मग त्यात काय एवढं अवघड आहे? आण ते पुस्तक. मी शिकवतो."

निकितानं मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहिलं. "पप्पा, तुम्ही?" एवढंच ती म्हणाली. पण त्या 'तुम्ही'वर तिनं जो जोर दिला, तो रंगनाथरावांच्या थेट जिव्हारी लागला.

रंगनाथराव पाटबंधारे खात्यात हेड क्लार्क होते. जिल्ह्यातल्या कोणत्या धरणात आज किती दशलक्ष घनफूट पाणी आहे हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येत असे. शिक्षण बी.ए.चं असलं तरी पाण्याच्या मोजमापात आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी पुस्तक उघडलं आणि तिथे असं लिहिलेलं आढळलं की, अठरा ग्रॅम पाण्यात, म्हणजे जेमतेम घोटभर पाण्यात, सहाशे दोन कोटी कोटी कोटीच्या घरात रेणू असतात. त्यांनी तो आकडा एका पाठकोऱ्या कागदावर लिहून काढला. शून्यं लिहिता लिहिता कागदाची कड आली. मग ते पाण्याचा पेला हातात धरून बराच वेळ त्यात बघत बसले. आजवर धरणंच्या धरणं मोजली आणि घोटात काय आहे याचा पत्ता नव्हता!

"अहो, प्यायचंय की बघायचंय?" साधनाताईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

मोल म्हणजे काय, हे आधी शेजाऱ्यांना विचारून पाहावं म्हणून ते वरच्या मजल्यावर कोंडाजी निकमांकडे गेले. कोंडाजीआण्णा मधुबन सोसायटीचे चेअरमन. कुठल्याही विषयावर सल्ला द्यायला त्यांना तो विषय माहीत असावा लागत नसे.

"मोल?" आण्णांनी शर्टाची कॉलर खाली ओढली आणि मान पुढे केली. "हा बघा. तीळ म्हणतात आपल्याकडे, डॉक्टर लोक मोल म्हणतात. काढायचा नाही, असं स्पष्ट सांगितलंय मला. निकिताला कुठे आलाय?"

"अहो, हा रसायनशास्त्रातला."

"मग तर मुळीच काढू नका," आण्णा म्हणाले.

शेवटी रंगनाथरावांनी ठरवलं की जिथे मुलगी शिकते तिथेच जाऊन बसायचं. गंगापूर रोडच्या बाजूला निकिताचा क्लास होता. तिथल्या काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं की पालकांना वर्गात बसता येत नाही, फक्त विद्यार्थ्यांना बसता येतं.

"मग मला विद्यार्थी करून घ्या," रंगनाथराव म्हणाले.

तशी काही मनाई नियमांत नव्हती. अडचण निघाली ती संगणकात. जन्मवर्षाची यादी २००५ च्या मागे जातच नव्हती. त्या मुलीनं दोनदा खटपट केली, आतल्या साहेबांना विचारून आली, साहेबांनी कुणाला तरी फोन केला, त्यानं आणखी कुणाला तरी केला, आणि अखेरीस सर्वानुमते रंगनाथराव २००५ साली जन्माला आले. त्यांना गळ्यात अडकवायचं एक ओळखपत्र मिळालं. 'पालकाचा मोबाइल क्रमांक' या रकान्यात दुसरा नंबर हवाच, असं संगणक म्हणत असल्यामुळे त्यांनी साधनाताईंचा दिला. त्याचा परिणाम असा की एकदा ऑफिसातून निघायला उशीर झाला तेव्हा भाजी निवडत असलेल्या साधनाताईंना संदेश आला, 'आपला पाल्य रंगनाथ आज वर्गात गैरहजर आहे. कृपया लक्ष घालावे.' साधनाताईंनी तो सोसायटीच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला. तिथून पुढे जिन्यात भेटणारा प्रत्येक जण रंगनाथरावांना "अभ्यास कसा चाललाय?" असं विचारू लागला.

पण खरा प्रसंग गुदरला तो निकितावर. पहिल्या दिवशी वडील गळ्यात ओळखपत्र घालून, डबा-बाटलीसकट वर्गात शिरले, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. ती बाक बदलून भिंतीला चिकटून बसली आणि तास संपेपर्यंत तिनं मागे वळून पाहिलं नाही.

शिकवायला कुंदन सर होते. वय पंचविशीच्या आसपास, आवाज खणखणीत. "डझन म्हणजे बारा. मग वस्तू कोणतीही असो, अंडी असोत की केळी. तसंच मोल म्हणजे सहा पूर्णांक शून्य दोन दोन गुणिले दहाचा तेविसावा घात. मोल हे एक माप आहे, बस."

रंगनाथरावांनी हात वर केला. "सर, हे मोजले कोणी?"

वर्ग खदखदून हसला. सरांनी मात्र हसू आवरून नीट उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी रंगनाथरावांनी विचारलं की ग्रॅममध्ये वजन होत असताना मध्येच हे मोल घुसवायचं कारण काय. वर्ग हसला. तिसऱ्या दिवशी विचारलं की एक मोल मीठ आणि एक मोल साखर यांत कण सारखेच असतील तर वजन वेगळं का भरतं. वर्ग आता त्यांनी हात वर करताच हसायला लागला. सर प्रत्येक वेळी फळ्याकडे वळून पहिल्यापासून समजावत आणि निकिता प्रत्येक वेळी वहीत डोकं आणखी खाली घालत असे. घरी ती वडिलांशी बोलेनाशी झाली. 'जेवायला या' हेसुद्धा ती आईमार्फत कळवू लागली.

"अहो, पुरे करा आता," साधनाताई म्हणाल्या. "पोरीला मैत्रिणींत तोंड दाखवायला जागा राहिली नाही."

"मी कुणासाठी करतोय हे?" रंगनाथराव दुखावल्या स्वरात म्हणाले.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मात्र तोवर त्यांना त्या विषयाची गोडी लागली होती हेही खरं. पुढच्या चाचणीत त्यांना पंचवीसपैकी नऊ गुण मिळाले, म्हणजे ते पास झाले, आणि इथूनच सगळा घोटाळा सुरू झाला. नापास माणूस निदान जपून असतो.

त्याच आठवड्यात वर्गात द्रावणाची संहती शिकवली होती. एका लिटरमध्ये किती मोल पदार्थ विरघळला आहे ते सांगायचं. याला मोलॅरिटी म्हणतात. रंगनाथराव घरी आले, स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिजवर चिकटवलेली पाककृती वाचून जागच्या जागी थबकले.

"'मीठ चवीनुसार'," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "साधना, चवीनुसार म्हणजे किती?"

"म्हणजे चवीनुसार."

"कोणाच्या चवीनुसार? किती लिटरला? हे म्हणजे धरणातून पाणी 'गरजेनुसार' सोडा असं लिहिण्यासारखं आहे. गावं वाहून जातील!"

साधनाताईंच्या हातचा मठ्ठा सोसायटीत नावाजलेला होता. रंगनाथरावांनी हट्ट धरला की त्यांनी लिटरभर मठ्ठ्याला घालतात तेवढं मीठ नेहमीसारखं चिमटीनं घ्यावं, पण मठ्ठ्यात न घालता कागदावर टाकावं. साधनाताईंनी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या हातानं चिमट्या टाकल्या. रंगनाथरावांनी पुडी बांधली. घरच्या वजनकाट्याचा भरवसा नव्हता, म्हणून पुडी खिशात घालून ते सराफ बाजारात गेले.

दुकानात गर्दी होती. त्यांनी हळूच पुडी काढली आणि सराफाच्या कानाशी लागून म्हणाले, "एवढं जरा तोलून देता का? मिलिग्रॅमपर्यंत हवंय."

सराफानं पुडी उघडली. आत पांढरी पूड. त्यानं पुडीकडे पाहिलं, रंगनाथरावांकडे पाहिलं आणि मग बायकोच्या मंगळसूत्राची तार जोडून घ्यायला आलेल्या एका हवालदारांकडे पाहिलं.

"काय आहे हे?" हवालदार पुढे आले.

"मीठ आहे, साहेब. सोडियम क्लोराइड."

हे दुसरं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. 'मीठ' ऐकून निवळत आलेला हवालदारांचा चेहरा 'क्लोराइड' ऐकताच परत ताठ झाला. "चाखून दाखवा," ते म्हणाले.

वर्ग एकच्या अधिकाऱ्यांच्या फायली हाताळणारे रंगनाथ देवरे भर सराफ बाजारात, गिऱ्हाइकांच्या गराड्यात, जिभेला मीठ लावून उभे राहिले. सगळ्यांनी काही वेळ त्यांच्याकडे निरखून पाहिलं. त्यांना काही झालं नाही, तेव्हा लोक जरासे नाराज होऊन पांगले. उरलेलं मीठ सराफानं तोललं आणि जिभेला गेलेलं अंदाजानं मिळवलं. साधारण सहा ग्रॅम.

मिठाचा एक मोल म्हणजे साडेअठ्ठावन्न ग्रॅम. रंगनाथरावांनी रिक्षात बसल्या बसल्या भागाकार केला आणि त्यांच्या अंगावर काटा आला. घरी येऊन त्यांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"साधना! तू लग्न झाल्यापासून शून्य पूर्णांक एक मोलरचा मठ्ठा करते आहेस!"

साधनाताई घाबरल्या. "मग? काही होतं का त्यानं?"

"होत नाही गं! तो अगदी बरोबर आहे! आणि तुला माहीतच नव्हतं!"

आता योग असा की, कोंडाजीआण्णांच्या सायलीचा साखरपुडा ठरला होता. मुलगा स्वराज, कळवणच्या पगारांचा. घर मोठं, शेती मोठी आणि घरात शब्द चालायचा तो त्याच्या आजीचा, भागुबाईंचा. या आजींनी आधी दोन ठिकाणची स्थळं पाणी पिऊन झाल्याबरोबर मोडली होती, असं सोसायटीत बोललं जात होतं. एका ठिकाणी म्हणे पेल्याला साबणाचा वास होता. त्यामुळे कोंडाजीआण्णांनी जेवणाचं काम आचाऱ्याला दिलं असलं तरी मठ्ठा साधनाताईंच्याच हातचा हवा, असं बजावून ठेवलं होतं.

"ती जबाबदारी माझी," रंगनाथराव मध्येच म्हणाले. "साठ लिटर मठ्ठा, शून्य पूर्णांक एक मोलर. म्हणजे सहा मोल मीठ. तीनशे एक्कावन्न ग्रॅम. चुकायला जागाच नाही."

आण्णांना त्यातलं काही कळलं नाही, पण आकडे ऐकून त्यांना धीर आला.

साखरपुड्याच्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांडव घातला होता. मागच्या बाजूला केरू आचारी जिलेब्या तळत होता. शेजारी स्टीलच्या मोठ्या पिंपात ताक घुसळून तयार होतं. आलं, कोथिंबीर, जिरं सगळं पडलेलं होतं. फक्त मीठ बाकी. साधनाताई वर सायलीला साडी नेसवायला गेल्या होत्या. रंगनाथरावांनी आदल्या दिवशीच नीट तोलून आणलेली मिठाची पिशवी घ्यायला हात पुढे केला, तर पिशवी जागेवर नाही. शोधाशोध केल्यावर कळलं की सायलीच्या आईनं मुलीची दृष्ट काढायला तीतलं मूठभर मीठ घेतलं आणि दृष्ट फारच लागली असणार असं वाटून आणखी दोन मुठी घेतल्या. उरलेलं पोरांनी सांडलं होतं.

रंगनाथराव नव्यानं मीठ तोलणार, तोच बाहेरून हाक आली. महापालिकेचा माणूस आला होता. मांडवाचा एक बांबू रस्त्याच्या हद्दीत येतो आणि परवानगी 'पार्किंगमध्ये मांडव' अशी आहे, 'पार्किंगमध्ये व रस्त्यावर बांबू' अशी नाही, असं त्याचं म्हणणं होतं. सरकारी भाषेत उत्तर देणारा माणूस सोसायटीत एकच.

"केरू," रंगनाथराव घाईघाईनं म्हणाले, "मठ्ठ्यात सहा मोल मीठ टाक आणि ढवळ. मी आलोच."

केरूचे दोन्ही डोळे कढईत होते. हा गडी जिलेबीचा कारागीर, मठ्ठा त्यानं आजवर केलेला नव्हता. "सहा काय? मापं का?"

"हो रे, मोल म्हणजे मापच!" निघता निघता ते म्हणाले. कुंदन सरांनी वर्गात हेच शब्द वापरले होते. दारातून ते एकदा मागे वळले. "आणि कुणी चाखायचं नाही, कळलं का? प्रयोगशाळेत काहीही चाखायचं नसतं. चाखणं म्हणजे गणितावर अविश्वास."

केरू आज्ञाधारक होता. त्याच्याकडे मैदा आणि साखर घ्यायचं पत्र्याचं एक माप होतं. किलोचं. त्यानं त्या मापानं सहा वेळा मीठ घेतलं, पिंपात ओतलं, रवीनं झकास ढवळलं आणि सांगितल्याप्रमाणे चाखलं नाही.

तिकडे रंगनाथरावांनी महापालिकेच्या माणसाला नियम दाखवून, बांबू हातभर आत सरकवून, शेवटी जेवायला बसवलं, आणि मोठ्या समाधानानं मांडवात आले. अंगठ्या घालून झाल्या होत्या. पंगत बसली होती. जिलेबी वाढून झाली होती. पोरं पेले भरत फिरत होती. कोंडाजीआण्णा हात जोडून पाहुण्यांपुढे उभे होते.

"पाहुणे, सावकाश होऊ द्या. मठ्ठा खास आहे बरं का. आमच्या देवरेसाहेबांनी शास्त्रीय पद्धतीनं केलाय. पोटभर घ्या!"

असं म्हणून त्यांनी स्वतः पेला उचलला आणि एक मोठा घोट घेतला.

रंगनाथराव त्यांच्याकडे कौतुकानं बघत होते. त्यांनी पाहिलं की आण्णांचे डोळे आधी मोठे झाले, मग आणखी मोठे झाले, मग एकदम मिटले. गाल फुगलेले राहिले. घोट गिळावा तर गिळवेना, आणि व्याह्यांसमोर थुंकावा तर थुंकवेना. आण्णा तसेच, फुगलेल्या गालांनी, हात जोडून उभे राहिले.

तेवढ्यात पंगतीच्या एका टोकापासून ठसक्यांची लाट सुरू झाली. एक जण उठून नळाकडे पळाला. त्याच्यामागे चौघे. महापालिकेचा माणूस "पाणी, पाणी" करत त्याच बांबूला धरून उभा राहिला. नवरदेवानं सायलीच्या देखत धीर धरून घोट गिळला आणि त्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. ते बघून सायलीच्या मावशीला वाटलं की त्याला भरून आलंय. तीही रडू लागली.

आणि भागुबाई! त्या जुन्या पद्धतीच्या. पेला उंच धरायचा आणि वरून एका दमात खाली ओतायचा. रंगनाथरावांच्या डोळ्यांदेखत त्यांनी अख्खा पेला रिकामा केला. पेला खाली ठेवला. आणि त्या हलल्या नाहीत.

रंगनाथराव मागच्या बाजूला धावले. "केरू! किती टाकलंस?"

"तुमी म्हनले तेवढंच. सहा मापं." केरूनं पत्र्याचं माप पुढे केलं.

रंगनाथरावांनी ते माप हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. त्यांनी पिंपाची कड धरली. एव्हाना कोंडाजीआण्णा तोंड रिकामं करून तिथे येऊन पोहोचले होते, त्यांच्यामागे निम्मा मांडव होता.

"देवरे, माझ्या पोरीचं लग्न मोडलंत तुम्ही!" आण्णांचा आवाज चिरका झाला होता. "काहीतरी करा! पाणी घाला त्यात!"

"बटाटे सोडा," पहिल्या मजल्यावरच्या रूपालीवहिनी म्हणाल्या. "बटाटा मीठ ओढून घेतो."

"किती बटाटे लागतील, वहिनी?"

"साखर घाला!"

"दोन बादल्या पाणी घातलं की होईल सरळ," कुणीतरी ठासून सांगितलं.

"नाही होणार."

हा आवाज निकिताचा होता. ती गर्दीतून पुढे आली होती. गेल्या महिन्याभरात ती वडिलांच्या इतक्या जवळ पहिल्यांदाच उभी होती. ती पिंपाकडे बघत, जणू स्वतःशीच बोलत होती. "सहा किलो म्हणजे सहा हजार ग्रॅम. आपल्याला लिटरला सहा ग्रॅम हवंय. म्हणजे हजार लिटर मठ्ठा व्हायला हवा. साठ आहे. अजून नऊशे चाळीस लिटर बिनमिठाचं ताक लागेल."

नऊशे चाळीस हा आकडा लोकांच्या डोक्यात उतरायला वेळ लागत होता. कोंडाजीआण्णांनी नकळत गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे पाहिलं.

रंगनाथरावांचे ओठ हलत होते. त्यांनी बोटांवर एकदा ताळा केला, परत एकदा केला. आणि मग, जिथे एक लग्न मोडायला आलेलं आहे, पाहुणे नळाशी रांग लावून चुळा भरताहेत, अशा जागी ते दोन्ही हात वर करून ओरडले, "बरोबर! उत्तर बरोबर आहे! अगदी बरोबर आहे! साधना, ऐकलंस का? पोरीनं तोंडी सोडवलं!"

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. दोन-तीन जणांना खात्रीच पटली की मीठ त्यांच्या डोक्यात गेलंय. गलका ऐकून आलेल्या साधनाताई जिन्यातच खाली बसल्या. निकिताचा चेहरा लाल झाला, पण या खेपेला तिनं मान खाली घातली नाही.

तेवढ्यात पंगतीतून निरोप आला. भागुबाईंनी मठ्ठा करणाऱ्याला बोलावलं होतं.

रंगनाथराव पुढे झाले. त्यांच्यामागे कोंडाजीआण्णा, आण्णांच्या मागे त्यांची बायको पदराचा बोळा तोंडाला लावून. भागुबाई पाटासमोरच्या रिकाम्या पेल्याकडे बघत बसल्या होत्या. घसा खाकरून त्यांनी दोनदा बोलायचा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा आवाज फुटला.

"मठ्ठा तुमी केला?"

"हो, आजी. चूक माझी आहे. यांचा काही दोष नाही. मुलगी गुणाची आहे. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला, पण..."

"थांबा वो. घसा पार सोलून निघालाय, मला बोलू द्या." भागुबाईंनी पाण्याचा तांब्या संपवला. मग कोंडाजीआण्णांकडे वळून त्या म्हणाल्या, "पाव्हणं, खाल्ल्या मिठाला जागावं म्हंत्यात. तुमी तर आमाला एका पेल्यात सात पिढ्यांचं मीठ चारलं. आता ही सोयरीक मोडायची सोयच ऱ्हायली नाय. तारीख काढा लग्नाची."

कोंडाजीआण्णा उभ्या जागी डोलू लागले. त्यांना आनंद झाला आहे की झटका आला आहे, हे ठरवता न आल्यामुळे कुणीतरी त्यांना खुर्ची दिली. मांडवात मग जो हशा पिकला, त्यात सर्वांत मोठं हसू नवरदेवाचं होतं.

"पर ते ताक वतू नका," भागुबाईंनी बजावलं. "दुभतं टाकलं की पाप लागतं. हिरव्या मिरच्या आना. चिरा पाडून त्यात भिजवा, उन्हात वाळवा. तळून खायला लय ग्वाड लागत्यात."

साठ लिटरला मिरच्या किती लागतील याचा हिशोब कुणी केला नव्हता. बाजारातून पोती यायला लागली तेव्हा लोकांना कल्पना आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मधुबन सोसायटीच्या गच्चीवर बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं मिरच्यांना चिरा पाडत बसली होती. सायलीही बसली होती आणि मुक्काम वाढवलेला स्वराज तिच्या शेजारी, कामापेक्षा गप्पाच जास्त. रंगनाथरावांना एका कोपऱ्यात अख्खं पोतं देऊन बसवलं होतं. शिक्षा म्हणून, असं कुणी बोललं नाही, पण पोतं सर्वांत मोठं होतं.

थोड्या वेळानं निकिता आपला पाट उचलून त्यांच्याशेजारी येऊन बसली. दोघांनी काही मिरच्या चिरल्या.

"तुला एवढं येत होतं," रंगनाथराव म्हणाले, "तर मग घरी कधी बोलली का नाहीस? मी उगाच वर्गात येऊन तुझी शोभा करत बसलो."

निकितानं हातातली मिरची परातीत टाकली. "पप्पा, मला आधी काहीच येत नव्हतं. कोणी मोजले, वजन वेगळं का भरतं, मध्येच मोल कशाला, हे सगळे प्रश्न मलाच पडले होते. विचारायची लाज वाटायची. तुम्ही विचारायचात, सगळे हसायचे आणि सर पहिल्यापासून सांगायचे. मी खाली मान घालून लिहून घ्यायचे."

"खाली मान घालून लिहून घ्यायचीस?"

"मग काय करणार? सगळे बघत असायचे."

रंगनाथरावांनी हातातली मिरची खाली ठेवली. त्यांचे डोळे भरून आले. गच्चीवर सगळे बसलेले, त्यात कुणाला दिसायला नको, म्हणून त्यांनी चटकन तोंड फिरवलं आणि मिरच्यांच्या हातांनीच दोन्ही डोळे करकचून पुसले.

त्यांची किंकाळी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेली.

गच्चीभर एकच गलका उडाला. "दूध घाला!" "तूप लावा!" "चोळू नका हो, चोळू नका!" साधनाताई पाण्याची बादली शोधत धावल्या. पण सगळ्यांच्या आधी कोंडाजीआण्णा उठले होते. "आगीवर ताक! ताकासारखं थंड काही नाही!" असं ओरडत त्यांनी मिरच्या भिजत घातलेल्या जवळच्या पिंपात तांब्या बुचकळला आणि तो काठोकाठ भरून ते रंगनाथरावांच्या डोळ्यांच्या दिशेनं पळत सुटले. त्यांच्यामागे निकिता जिवाच्या आकांतानं धावत होती.

"काका, नको! काका, ते ताक नको!"